जुळवाजुळवीचं तिकीट

"कुठे बोलू नका हं, पण आमच्या सईनं पुन्हा पैसे साठवायला घेतलेत."

कुसुमवहिनींचं वाक्य 'कुठे बोलू नका'नं सुरू झालं, की ती बातमी गल्लीच्या टोकाला जाऊन परत आलेली असते, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी पाण्याची नळी जास्वंदीच्या आळ्यात सोडली आणि कुंपणाशी गेले. आमच्या दोन घरांमधली भिंत जेमतेम कमरेएवढी आहे. बांधणाऱ्यानं सिमेंट वाचवलं, सोय आमची झाली.

"लग्नासाठी साठवतेय का?" मी विचारलं. सई म्हणजे त्यांची नात. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे, तेव्हा हे विचारणं माझं कर्तव्यच होतं.

"लग्नासाठी कसली! त्या कोरियाच्या पोरांसाठी. ते सातजण नाहीत का, बीटीएस? मधे सगळे सैन्यात गेले होते."

"सगळेच्या सगळे?"

"तिकडे कायदाच आहे म्हणे. मुलगा म्हणून जन्माला आलास ना, मग दीडएक वर्ष देशाला दे. कोणी सैन्यात, कोणी सरकारी कामावर. २०२५ च्या जूनमध्ये त्यांतला शेवटचा सुटला. त्या दिवशी ही ऑफिसातून येताना पेढे घेऊन आली. मी देवापुढे ठेवलेसुद्धा! मला वाटलं, बढती मिळाली."

"अगंबाई!"

"आता सातही जण मिळून गाणार आणि ही जाणार. बरं, गाण्याला जा की, मी कशाला अडवू? कमावती आहे. पण हिला नुसतं गाण्याचं तिकीट पुरत नाही, गाण्याच्या आधीचं पाहिजे. साउंडचेकचं! गाणं रात्री, हिला दुपारी आत जायचंय. आणि त्याला साध्या तिकिटापेक्षा कितीतरी जास्त पैसे."

"साउंडचेक म्हणजे ते हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग?"

"तेच ते! आपल्या गणपतीत तो माइकवाला भर दुपारी वन-टू-थ्री सुरू करतो, तेव्हा मी खिडक्या लावून घेते. आणि ही पैसे भरून ऐकणार."

मी आवाज जरा खाली आणला. "मागे सिंगापूरला गेली होती ती... कंपनीच्या कामाला ना?"

वहिनींनी आधी मागे वळून घराकडे पाहिलं. व्हरांड्यात त्यांचे यजमान, नाना, पेपर वाचत होते. म्हणजे पेपर तोंडासमोर होता आणि कान आमच्याकडे.

"कसलं कंपनीचं काम! २०२३ चा जून होता. त्या सातांतला एक आहे, सुगा नावाचा. तो एकटाच गायला होता तिथे, इनडोअर स्टेडियममध्ये, तीन दिवस. ही त्यातल्या एका दिवसाला जाऊन आली. मला सगळं नंतर कळलं, बॅग रिकामी करताना. गळ्यात अडकवायचं एक कार्ड निघालं आणि मनगटाचा एक कागदी पट्टा. मला वाटलं, पोरगी दवाखान्यात होती की काय!"

"मग काय काय झालं तिथे? भेटली का त्याला?"

"तेच तर! भेट नाही, हातात हात नाही, सही नाही, फोटो नाही. ते निराळं असतं म्हणे, त्याला मीट अँड ग्रीट म्हणतात. हे नुसतं बघायचं. आधी बाहेर उन्हात रांग. मग तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टावरचं नाव जुळतंय का ते बघणार. मग तो पट्टा बांधणार. मग पुन्हा रांग. आत गेल्यावर फोन काढायचा नाही, नुसतं उभं राहायचं. आणि मग तो आला. ताई, काय सांगू, डोक्याला टोपी, अंगात ढगळ शर्ट. आमचे हे रविवारी मंडईत जातात ना, अगदी तसा! ना रंगरंगोटी, ना झगमगाट. दोन-तीन गाणी म्हटली, हात हलवला आणि गेला आत. संपलं."

"संपलं?"

"संपलं! मी म्हटलं, अगं, एवढ्यासाठी? तर म्हणते, आजी, तोच तर मजा आहे."

"तीच तर मजा," व्हरांड्यातून नानांनी दुरुस्ती केली.

"ती तशीच म्हणते हो. तिच्या हिंजवडीच्या ऑफिसात मराठी अशीच बोलतात." वहिनींनी नानांकडे न बघताच त्यांना गप्प केलं. "आता तुम्हीच सांगा, मुलाकडची माणसं येणार आहेत पंधरा दिवसांनी. त्यांना हे कळलं तर? सुनेचा पगार गाण्याच्या तालमीत जातो म्हणून?"

"बायोडेटात 'संगीताची आवड' लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"मग झालं. खोटं काही नाही त्यात."

वहिनींना ते पटलं असावं, कारण त्यांनी खांद्यावरचा ओला टॉवेल भिंतीवर पसरला. टॉवेल भिंतीवर आला म्हणजे निदान अर्धा तास तरी आहे. म्हणून मीही माझी ठेवणीतली गोष्ट काढली.

"वहिनी, तुमची सई तर तरुण आहे. आमच्या जावयांनी पन्नाशीला टेकल्यावर हेच केलं."

"कोणी, न्यूजर्सीवाल्यांनी?" वहिनींचा चेहरा उजळला. दुसऱ्याच्या जावयाची भानगड ऐकताना बायकांचा चेहरा उजळतोच, त्यात वाईट काही नाही.

"ते दादरचे. लहानपणापासून बीटल्सचं वेड."

"कोण, ते ऋषिकेशला येऊन राहिलेले?"

"तेच. १९६८ साली आले होते. त्यांतला पॉल मॅकार्टनी अजून गातो. २०१७ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गायला, तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. पंचाहत्तरीला आपल्याकडे शांत करतात, सत्कार करतात आणि माणसाला खुर्चीत बसवून ठेवतात. हा उभ्यानं अडीच-अडीच तास गातो. आणि त्याच्याआधी दुपारी साउंडचेकमध्ये पुन्हा तासभर! त्याचं म्हणे पॅकेजच असतं. तिकीट, साउंडचेक आणि कार्यक्रमाआधीचं जेवण. मुलीनं मला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडायचीच बाकी होती. स्वयंपाकघराचं काम काढायचं होतं त्यांचं, ते पुढे ढकललं."

"जेवण काय असतं?" वहिनींनी मुद्द्याचं विचारलं.

"शाकाहारी."

"काय सांगता! अमेरिकेत?"

"तो स्वतः कित्येक वर्षं शाकाहारी. बायको होती, लिंडा, तिनं तर शाकाहारी स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलंय १९८९ साली. त्याच्या दौऱ्यात स्टेजमागे काम करणाऱ्यांनासुद्धा मांस मिळत नाही. आमचे जावई घरी आठवड्यातून चारदा चिकन मागतात आणि तिथे मुकाट्यानं भाजीपाला खाऊन आले."

"बघा! बायकोनं केलं तर गवत, आणि मॅकार्टनीनं केलं तर प्रसाद."

"पण वहिनी, तो तुमच्या कोरियाच्या पोरासारखा दोन-तीन गाण्यांत उरकत नाही हं. जावई सांगतात, दुपारी तो जी गाणी म्हणतो, त्यांतली कितीतरी रात्री म्हणतच नाही. स्वतः पोरसवदा असताना जी ऐकायचा ना, ती जुनी रॉकची गाणी म्हणतो. मनाला येईल ते. असल्या दुपारच्या गाण्यांतली काही त्यानं रेकॉर्डवरही घातलीत. १९९३ ची 'पॉल इज लाइव्ह' आहे ना, तिच्यात आहेत. जावयांकडे ती आहे. आमच्याकडे आले की लावतात आणि आमच्या ह्यांना झोप लागते."

"मग तुमचे जावई तृप्त होऊन आले म्हणायचे."

"कसले तृप्त! पंधरा तारखेला त्याच गार्डनमध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन अचानक स्टेजवर आला, दोघं मिळून गायले. आणि आमचे जावई गेले सतराला. अजून तो विषय काढलेला त्यांना चालत नाही."

वहिनी मनापासून हसल्या. तेवढ्यात व्हरांड्यातला पेपर खाली आला. नाना उठून, चपला सरकवत, भिंतीपर्यंत आले.

"तुम्ही त्या गार्डनचं नाव काढलंत म्हणून सांगतो," नाना म्हणाले. नाना नोकरीत असल्यापासून सवाई गंधर्व महोत्सव चुकवत नाहीत आणि त्यांनी 'म्हणून सांगतो' म्हटलं की ऐकावं लागतं. "१९७१, एक ऑगस्ट. तीच जागा. बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी मदतीचा कार्यक्रम. जॉर्ज हॅरिसन आणि आपले रविशंकर, दोघांनी मिळून उभा केलेला. सुरुवातीला रविशंकरांची सतार, अली अकबर खाँसाहेबांची सरोद, तबल्याला अल्लारखाँ. बसले आणि वाद्यं जुळवायला लागले. थोडा वेळ जुळवलं आणि थांबले. तर समोरच्या हजारो माणसांनी कडाडून टाळ्या वाजवल्या!"

"का?"

"त्यांना वाटलं, रागच झाला! रविशंकर सभ्य माणूस. म्हणाले की जुळवणं एवढं आवडलं असेल, तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. ते ध्वनिमुद्रणात आहे, ऐकायला मिळतं."

आम्ही दोघी हसलो. नाना मात्र हसले नाहीत.

"हसू नका. मला तर ती माणसं शहाणी वाटतात. निदान ऐकत तरी होती. आपल्याकडे काय होतं? गायक स्टेजवर येतो. दोन तानपुरे लागतात. पंचम, मग जोडाच्या दोन तारा, मग खर्ज. दोऱ्याची जागा केसभर इकडेतिकडे करून जवारी काढतात. कुमार गंधर्वांचे तानपुरे लागायचे तेव्हा ते ऐकणं हीच एक मैफल होती. तबलजी हातोडीनं गठ्ठे खाली-वर करतो, एकेक घर सुरात आणतो. गायक साउंडवाल्याला खूण करतो, तानपुरा वाढवा, पेटी कमी करा. हे सगळं आपल्यासमोर, उघड्यावर, वेगळे पैसे न घेता. सई ज्यासाठी विमानानं जाते ते हेच! आणि तेव्हा तुम्ही दोघी काय करता?"

आम्ही गप्प.

"वडे आणायला उठता," नाना म्हणाले.

"मग कधी उठायचं? गाणं चालू असताना?" वहिनी उसळल्या. "आणि वडे खाता कोण? कॉफी कोणाला लागते?"

नानांकडे याचं उत्तर नव्हतं. मलाही मनातून जरा लागलंच. सवाईचा मंडप रमणबागेत होता तेव्हा आणि आता मुकुंदनगरला गेला तेव्हाही, दोन कलावंतांच्या मधला वेळ म्हणजे पाय मोकळे करायचा, कोण कोण आलंय ते बघायचा, कोणाची सून कुठली साडी नेसलीय ते टिपायचा, असाच आमचा हिशेब. माइकशी खाटखूट चाललेली असते. कोण बघतो तिकडे?

त्याच वेळी समोरच्यांचा पक्या फाटकातून मोटारसायकल आत घेत होता. मागे केबलची मोठी वेटोळी बांधलेली. पक्या साउंडच्या धंद्यात आहे. आधी मांडववाल्याकडे बॉक्स उचलायचा, आता मिक्सरवर बसतो आणि मोठ्या कार्यक्रमांना मुंबईपर्यंत जातो. वहिनींनी त्याला हाक मारली. ह्या प्रकरणात तज्ज्ञाचं मत घ्यायला हवंच होतं.

"काय रे पक्या, त्या साउंडचेकला पैसे देऊन जावं असं काय असतं?"

पक्यानं हेल्मेट काढलं. "काकू, पैसे देणारी माणसं आत येतात ना, तेव्हा खरा साउंडचेक होऊन गेलेला असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे आमचं काम सकाळीच सुरू होतं. पहिला लाइन चेक. एकेक माइक, एकेक केबल. स्टेजवरचा पोरगा माइकवर टकटक करणार, मिक्सरवाला बघणार की तो त्याच्याच चॅनलला येतोय का. मग ड्रम. सगळ्यांत जास्त वेळ तोच खातो, एकट्या ड्रमलाच सात-आठ माइक लागतात. मग बेस, गिटार, कीबोर्ड आणि गाणारा सगळ्यांत शेवटी. तासन् तास नुसतं धप, धप, धप. ते ऐकायला कोणी आला ना, तर तोच आमच्याकडून पैसे मागेल."

"आणि ती शिट्टी वाजते ती?"

"तो फीडबॅक. गायकाच्या पायाशी त्याच्याकडे तोंड करून बॉक्स ठेवतात ना, तो मॉनिटर. तो जास्त वाढवला की त्याचा आवाज माइक पुन्हा ओढतो, पुन्हा बॉक्समधून येतो, पुन्हा ओढतो, आणि बोंबलतो. मग ती शिट्टी कुठल्या फ्रिक्वेन्सीला येतेय ते शोधायचं आणि तेवढीच कापायची. एवढं सगळं दुपारी लावलं तरी रात्री पुन्हा हलवावं लागतं. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, माणसं भरली की त्यांची अंगं, कपडे आवाज पितात."

"मग मोठा गायक दुपारी येऊन करतो काय?"

पक्यानं इकडेतिकडे बघितलं. धंद्यातलं गुपित सांगताना त्याचाही आवाज आमच्यासारखाच खाली येतो, हे मला तेव्हा कळलं.

"खरं सांगू? आता त्याची गरजच नसते. कालच्या कार्यक्रमाला प्रत्येक माइकचं वेगळं रेकॉर्डिंग झालेलं असतं. आज नव्या जागी गेलो की तेच रेकॉर्डिंग मिक्सरमधून सोडायचं आणि त्यावर सगळं लावून घ्यायचं. व्हर्च्युअल साउंडचेक म्हणतात त्याला. गायक तेव्हा हॉटेलात झोपलेला असतो."

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे आमच्या पोरीनं पैसे भरले ते कशाचे?"

"तसं नाही काकू. स्वतःच्या कानाला बरं वाटावं म्हणून गायक येतोच. स्टेज कसं आहे, पायऱ्या कुठे आहेत, आपला आवाज आपल्याला ऐकू येतोय का. पण समोर पैसे भरून आलेली माणसं उभी असली की तो चेक राहत नाही, छोटा प्रोग्रॅमच होतो. खऱ्या चेकला गायक वैतागलेला असतो. एकच ओळ दहा वेळा म्हणतो, अर्ध्यात तोडतो, आमच्या आईबापांचा उद्धार करतो. तुमच्या सईसमोर कोण शिव्या देईल?"

हे मात्र मला पटलं. बघायला माणूस आला की बिनरंगाचं तोंडसुद्धा एक सोंगच होतं. ती टोपी, तो ढगळ शर्ट हेही आता ठरलेलंच असणार. घरातल्यासारखं दिसायचं तिकीट लावलं, की घरचे कपडेसुद्धा पोशाखाच्या पेटीत जातात.

"आपला आवाज आपल्याला ऐकू येणं ही काही साधी गोष्ट नाही बरं का," मी म्हटलं. जावयाकडून ऐकलेलं ज्ञान वाया का घालवा? "बीटल्सना तर मॉनिटरच नव्हते. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये गायले, पंचावन्न हजारांवर माणसं होती. पोरी अशा किंचाळत होत्या, की ह्यांना स्वतःचं गाणं ऐकू येईना. मागे ड्रम वाजवणारा तो रिंगो, तो पुढच्या तिघांच्या हलणाऱ्या पाठी बघून ओळखायचा की गाणं कुठपर्यंत आलंय. पुढच्याच वर्षी कंटाळले आणि दौरे करणंच सोडलं."

"म्हणून तर आता कानात घालतात," पक्या म्हणाला. "इन-इयर. कानात अगदी घट्ट बसतं. स्वतःचं गाणं स्वच्छ येतं, पण मग समोरची माणसं ऐकूच येत नाहीत. म्हणून स्टेजच्या कडेला पब्लिककडे तोंड करून माइक लावतात आणि तो कल्ला थोडा थोडा त्याच्या कानात सोडतात. नाहीतर त्याला वाटेल, रिकाम्या स्टेडियममध्ये गातोय."

"तेच तर मी आजीला सांगतेय!"

हा आवाज वरून आला. सई गच्चीच्या कठड्यावर ओणवून, केस पुसत आमचं सगळं ऐकत होती. किती वेळ, ते देव जाणे. वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण सई रागावली नव्हती. मला ही पिढी त्यासाठी आवडते, त्यांच्याबद्दल त्यांच्यामागे बोललेलं त्यांना चालतं. त्यात त्यांना चूक सापडली, तर मात्र खपत नाही.

"आजी, मला काय माहीत नाही का, की ते आमच्यासाठी करतात? सगळ्यांना माहीत असतं. पण रात्री किती माणसं असतात? २०२१ मध्ये लॉस एंजेलिसला चार शोंना मिळून दोन लाखांवर तिकिटं गेली होती. त्यात मी ओरडले काय, नाही ओरडले काय! दुपारी समोर थोडीच माणसं असतात. तेव्हा कोणी एक 'हाय' म्हटलं तरी ते वर ऐकू जातं, तो मान वळवतो. मी त्याचं गाणं ऐकायला नाही जात दुपारी. माझा आवाज तिकडे पोचतो म्हणून जाते."

नाना तिच्याकडे बघतच राहिले.

"आणि २०२२ च्या मार्चमध्ये तर सोलमध्ये ओरडायलाच बंदी होती," सई पुढे म्हणाली. "कोरोनाचे नियम. हजारो माणसं नुसती टाळ्या वाजवत बसली होती, कागदी पंख्यासारखं काहीतरी हातावर आपटत. स्टेजवर गाणं आणि समोर कोणाच्या तोंडून शब्द नाही. ते बघून मी ठरवलं, की पुढे जमेल तेव्हा साउंडचेकचंच तिकीट काढायचं."

"पण मिळतं कसं ते?" मी विचारलं. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच रांगेत उभी राहणार आहे.

"आधी फॅन क्लबचं मेंबर व्हायचं. मग मेंबरांसाठी आधी विक्री असते, तिच्यासाठी नाव नोंदवायचं. काही ठिकाणी चिठ्ठ्या काढतात. नाव आलं तर आलं. तिकीट माझ्या नावावर असेल तर मीच जायचं, दुसऱ्याला देता येत नाही. सांगितलेल्या वेळेला पोचले नाही तर साउंडचेक गेला, पैसेही गेले, रात्रीचं गाणं तेवढं राहतं. आणि इन्स्टाग्रामवर कोणी 'एक्स्ट्रा पास आहे' म्हणून मेसेज केला की समजायचं, हा चोर आहे. माझ्या एका मैत्रिणीचे गेलेत पैसे."

"किती गेले?" वहिनी, मी आणि नाना तिघांनी एकदम विचारलं. सईनं सांगितलं नाही.

"त्यापेक्षा आमच्या वन्सं बऱ्या," मी म्हटलं. "त्या नेरूळला राहतात, डी. वाय. पाटील स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर. २०२५ च्या जानेवारीत तिथे कोल्डप्ले झालं ना, अठरा, एकोणीस आणि एकवीस तारखेला? वन्सं गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि दुपारी सगळं ऐकू येत होतं. मला फोनवर म्हणाल्या, कोणीतरी एकच गाणं मधूनच सुरू करतो आणि मधूनच सोडतो, येत नसेल बहुतेक. कार्यक्रमाला ह्याचं कसं होणार, म्हणून त्यांनाच काळजी!"

सई वर हादरलीच. "आजी, लोक त्या तिकिटांसाठी रडले होते! आणि त्या तांदूळ निवडत होत्या?"

"मी होतो तिथे," पक्या शांतपणे म्हणाला. "बॅरिकेडपाशी केबलवर रबर टाकत होतो. पाठ स्टेजकडे. काम चालू असताना वळून बघत बसलं तर सुपरवायझर दुसऱ्या दिवशी बोलवत नाही."

क्षणभर आम्ही सगळेच त्याच्याकडे बघत राहिलो. पैसे भरून रांगेत उभी राहणारी सई, भाजीपाला गोड मानून घेणारे आमचे जावई, तांदूळ निवडणाऱ्या वन्सं, वडे आणणाऱ्या आम्ही आणि स्टेजकडे पाठ करून उभा राहणारा पक्या. ऐकू सगळ्यांना येतं. पण त्यातला एकच जण ते ऐकायला म्हणून गेलेला असतो, आणि बहुतेक वेळा पैसे त्यानंच भरलेले असतात. नानांना जे वाटतं, की सई आपल्याकडे फुकट मिळणारं विकत घेते, त्यात तथ्य आहे. पण फुकट मिळतं म्हणून आम्ही ते कधी घेतलं नाही, हेही तितकंच खरं. तिनं घेतलं. मग जास्त कळतं कोणाला?

हे मी मोठ्यानं बोलले नाही. बोलले असते तर वहिनींनी ते सईच्या बाजूचं मत म्हणून धरलं असतं आणि भिंत एक वीत उंच झाली असती.

"मुलाकडच्यांना सांगायचं की नाही, ते तू ठरव बाई," वहिनी सईला म्हणाल्या. आवाज मवाळ झाला होता.

"मी सांगितलंय," सई म्हणाली. "परवाच. व्हॉट्सअॅपवर."

"आणि?"

"तो म्हणाला, त्याचे बाबा मेहदी हसनच्या गझलांसाठी वेडे आहेत, आणि त्याची आई त्यांना गेली तीस वर्षं हेच बोलते जे तू मला बोलतेस." एवढं सांगून सई आत गेली. वहिनींना हे स्थळ चांगलं म्हणावं की वाईट, ते ठरवता येईना. नाना मात्र खूश दिसले. गझल ऐकणारा व्याही त्यांना चालण्यासारखा होता.

"पक्या," मी म्हटलं, "आपल्या गणपतीत यंदा ऑर्केस्ट्रा आहे ना? साउंड तुझाच?"

"माझाच. शनिवारी."

"मग आम्हाला दाखव की एकदा खरा साउंडचेक. तिकीट नको, पट्टा नको. नाना, तुम्हीही चला. ह्या वेळी वडे नाहीत."

"या की. चार वाजता लाइन चेक सुरू करतो. पाच वाजता गायक येतील. खुर्च्या मांडलेल्या नसतील, घरून आणा." पक्यानं हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि मग काहीतरी आठवून पुन्हा काढलं. "पण काकू, एक आहे. चेक चालू असताना मागे कोणी बोलायचं नाही. एक शब्द नाही. मॉनिटरला काय येतंय ते मला ऐकायचं असतं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी वहिनींकडे.

"किती वेळ?" वहिनींनी विचारलं.

"दोन तास तरी."

"मग राहू दे रे बाबा," वहिनी म्हणाल्या आणि टॉवेल भिंतीवरून उचलला. "आम्ही आपल्या कार्यक्रमालाच येऊ. तिथे निदान बोलता तरी येतं."